गुहागरचं कासव आणि झुकणारी सुई

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला वर आली. तिच्या पुढच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, धातूची छोटी पट्टी होती आणि पट्टीवर आकडा होता ०३२३३. हा आकडा निघाला ओडिशातला. मार्च २०२१ मध्ये तिकडच्या सामूहिक विणीच्या वेळी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी ती पट्टी तिला लावली होती. म्हणजे एकदा बंगालच्या उपसागराच्या काठी अंडी घालून गेलेलं कासव अरबी समुद्राच्या काठीही अंडी घालतं, हे पहिल्यांदा पुराव्यानिशी दिसलं.

बातमी आली आणि दोन प्रकारच्या प्रतिक्रिया फिरू लागल्या. एक म्हणजे ‘साडेतीन हजार किलोमीटर पोहून कासव कोकणात’ हा आनंद. दुसरी शंका, आणि ती बऱ्याच जणांनी मला विचारली: कासव जिथे जन्मतं त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परत येतं ना? मग ही बाई वाट चुकली का?

आधी त्या आकड्याबद्दल. साडेतीन हजार किलोमीटर हे ओडिशापासून श्रीलंकेला वळसा घालून गुहागरपर्यंतचं, कमीत कमी मार्गाचं ढोबळ अंतर आहे. आपल्या हातात नोंदी दोनच आहेत, मार्च २०२१ची आणि जानेवारी २०२५ची. मधल्या जवळजवळ चार वर्षांत ती कुठे कुठे गेली, किती वेळा गेली, हे पट्टी सांगू शकत नाही. पट्टी म्हणजे फक्त नाव-गाव. वाट कळायला पाठीवर उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर लागतो. कासव श्वास घ्यायला वर आलं की तो संदेश पाठवतो. कोकणात हे काम २०२२ मध्ये सुरू झालं. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांना ट्रान्समीटर लावले. त्यातली वेळासची ‘प्रथमा’ उत्तरेला गुजरातच्या बाजूला गेली, काही दक्षिणेला गेल्या. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ मात्र केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. ०३२३३ची बातमी येण्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी उलट्या दिशेचा प्रवास आपण नकाशावर पाहिलेला होता. त्यामुळे मला आश्चर्य अंतराचं वाटलं नाही. कासवांच्या हिशोबात हे अंतर मोठं नाही.

खरा प्रश्न परत येण्याचा आहे. पक्षी, मासे, कासवं यांच्या स्थलांतरात नुसतं लांब जाणं येत नाही. विणीची जागा आणि चरण्याची जागा यांच्यात ठरावीक काळाने होणारी ये-जा येते. हिरवं समुद्री कासव वीण आटोपली की आपल्या ठरलेल्या समुद्री गवताच्या कुरणाकडे जातं. ऑलिव्ह रिडलेचं तसं नसतं. अंडी घालून झाली की ती जवळपास भटकीच होते, जेलीफिश, खेकडे, गोगलगाई जिथे मिळतील तिथे. आणि मग अशी मोकाट हिंडणारी मादी विणीच्या वेळी पुन्हा किनाऱ्याच्या एका पट्ट्यात हजर होते.

‘पट्ट्यात’ हा शब्द जपून वापरतोय. ‘जन्मलेल्याच किनाऱ्यावर’ हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या सहलीपासून महोत्सवाच्या फलकापर्यंत सगळीकडे असतं, आणि ते जितकं काटेकोर वाटतं तितकं खरं नाही. कासव परततं ते जन्माच्या प्रदेशात. तिथे पोचल्यावर नेमकी कुठली पुळण, हे त्या रात्रीच्या भरतीवर, उजेडावर, वाळूच्या उतारावर ठरतं. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिडलेंचा जनुकीय अभ्यास झाला तेव्हा ओडिशातल्या प्रचंड वस्त्यांमध्ये आणि दक्षिणेकडे एकेकट्या अंडी घालणाऱ्या माद्यांमध्ये वेगळेपण असं सापडलंच नाही. प्रत्येक मादी आपल्या आजीची पुळण सोडत नसती, तर फरक साठत गेला असता.

पण जन्माचा प्रदेश तरी ओळखायचा कसा? समुद्रात पाट्या नाहीत. चारी बाजूंना पाणी, खाली अंधार. इथून पुढे माझ्या आवडीचा विषय सुरू होतो, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

घरात शिवणाची सुई घ्या. मधोमध दोरा बांधा आणि ती अगदी आडवी, समतोल लटकेल असा दोरा सरकवून गोंदाच्या थेंबाने पक्का करा. आता लोहचुंबकाचं एक टोक सुईवरून एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवा, नेढ्याकडून अणकुचीकडे. परत दोऱ्याने लटकवा. सुई उत्तर-दक्षिण होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नीट बघा, ती आता आडवी नाही. तिचं उत्तरेकडचं टोक खाली गेलंय. वजन बदललं नाही, दोरा तोच, तरीही एक टोक जमिनीकडे बोट दाखवतंय. अचूक उपकरणाने मोजला तर कोकणात हा झुकाव साधारण पंचवीस अंशांच्या आसपास भरतो. (लोखंडी कपाटापासून आणि स्लॅबमधल्या सळयांपासून लांब, अंगणात करा.) बाजारातल्या होकायंत्राची सुई आडवी दिसते ती कारखान्यात दुसऱ्या टोकाला किंचित वजन देऊन आडवी ठेवलेली असते म्हणून.

सुई झुकते कारण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर धावत नाहीत. दक्षिण गोलार्धात त्या जमिनीतून बाहेर पडतात, वर कमान घेतात आणि उत्तर गोलार्धात पुन्हा जमिनीत शिरतात. चुंबकीय ध्रुवाशी त्या सरळ उभ्या असतात, चुंबकीय विषुववृत्तावर आडव्या. हे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकाला चाटून जातं. तिरुनेलवेलीच्या आसपास सुई जवळजवळ आडवी राहते. तिथून आपण केरळ, कारवार, सिंधुदुर्ग, रत्नागिरी करत उत्तरेला येऊ लागलो की झुकाव वाढत जातो. अलिबागला तो पंचवीस अंश ओलांडतो.

अलिबागचं नाव सहज घेतलं नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची वीज जमिनीत झिरपली की नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबाग निवडलं आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. जुन्या-नव्या नोंदींची सांगड बसावी म्हणून दोन वर्षं दोन्ही ठिकाणी मोजणी एकाच वेळी चालली. अलिबागच्या त्या इमारतीत लोखंड टाळलं आणि दगड मुद्दाम तपासून पोरबंदरहून आणला. आपल्या काळ्या दगडात चुंबकीय खनिज असतं, म्हणून. ती वेधशाळा आजही चालू आहे. सव्वाशे वर्षांच्या आसपासची सलग चुंबकीय नोंदवही कोकणच्या किनाऱ्यावर लिहिली गेली आहे, आणि अलिबागला किल्ला बघायला जाणाऱ्या बहुतेकांना ती कुठे आहे हेही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आता कासवाकडे. कोकणचा किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे आणि समान झुकावाच्या रेषा पूर्व-पश्चिम जातात. म्हणजे किनारा ही मोजपट्टी धरली तर झुकाव हे तिच्यावरचे आकडे. वेळास ते गुहागर सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर. तेवढ्यात झुकाव साधारण एका अंशाने बदलतो. ज्या प्राण्याला झुकाव जाणवतो, त्याने जन्मलेल्या जागेचा आकडा लक्षात ठेवला आणि मोठेपणी किनाऱ्याला लागून तो आकडा जुळेपर्यंत वर किंवा खाली पोहत राहिला, तर तो आपल्या मुलखात पोचेल. झुकावाखेरीज दुसरा आकडाही आहे, क्षेत्राच्या जोराचा. तो नॅनोटेस्ला या एककात मोजतात; पृथ्वीवर तो सुमारे २५ हजार ते ६५ हजारांच्या दरम्यान असतो, आपल्याकडे त्रेचाळीस हजारांच्या आसपास. दोन आकडे मिळाले की खुल्या समुद्रातही जागेचा अंदाज येतो.

हे जाणवतं हे कशावरून? अमेरिकेतल्या केनेथ आणि कॅथरीन लोमन या दांपत्याने गेली तीसेक वर्षं याचाच पिच्छा पुरवलाय. त्यांचे प्राणी म्हणजे लॉगरहेड जातीची समुद्री कासवं; रिडलेंवर इतके प्रयोग झालेले नाहीत, हे सांगून ठेवतो. प्रयोग असा: नुकतं अंड्यातून निघालेलं, कधीही समुद्र न पाहिलेलं पिल्लू घ्यायचं. त्याला कापडी पट्टा बांधून पाण्याच्या गोल टाकीत मधोमध अडकवायचं. पट्ट्याची दोरी वर फिरत्या दांडीला, दांडी संगणकाला. पिल्लू ज्या दिशेला पोहेल तिकडे दांडी वळते. टाकीभोवती तारेची मोठाली वेटोळी. वेटोळ्यांतून वीज सोडली की हवं तिथलं चुंबकीय क्षेत्र टाकीत तयार करता येतं. दिवे बंद. पिल्लू फ्लोरिडाच्या प्रयोगशाळेतच आहे, पण त्याला भोवतालचं क्षेत्र सांगतंय की तू पोर्तुगालजवळ आहेस.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल वाचला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पोर्तुगालजवळचं क्षेत्र दिल्यावर पिल्लं दक्षिणेला वळली. हीच दिशा त्यांना अटलांटिकमधल्या गोल फिरणाऱ्या उबदार प्रवाहात ठेवते. उत्तरेला गेली असती तर थंड पाण्यात मेली असती. उत्तर फ्लोरिडाजवळच्या समुद्राचं क्षेत्र दिल्यावर ती पूर्व-आग्नेयेकडे, आणि प्रवाहाच्या दक्षिण टोकाचं दिल्यावर पश्चिम-वायव्येकडे पोहली. ही दिशा त्यांना कोणी शिकवली नव्हती. अमुक क्षेत्र लागलं की तमुक बाजूला वळ, हे ती जन्मतःच घेऊन आलेली असतात.

हा झाला जन्मजात भाग. जन्मस्थानाचा आकडा मात्र प्रत्येक पिल्लाचा वेगळा, तो शिकूनच घ्यावा लागणार. ते खरंच शिकतं का, हे पाहायला वीस वर्षं थांबणं शक्य नाही, म्हणून संशोधक जे. रॉजर ब्रदर्स आणि केनेथ लोमन यांनी वेगळी युक्ती काढली. पृथ्वीचं क्षेत्र स्थिर नाही. गाभ्यातलं वितळलेलं लोखंड हलतं तसे झुकावाचे आकडे दरवर्षी किनाऱ्यावर थोडे थोडे सरकतात. सरकताना काही ठिकाणी दोन आकड्यांमधलं अंतर कमी होतं, काही ठिकाणी वाढतं. कासवं खरोखर आकड्यावर येत असतील तर जिथे आकडे जवळ आले तिथे घरट्यांची गर्दी व्हायला हवी, जिथे लांबले तिथे ती विरळ. फ्लोरिडाच्या १९ वर्षांच्या घरट्यांच्या नोंदी तपासल्या आणि तसंच निघालं. हा निकाल २०१५चा.

२०१८ मध्ये त्याच दोघांनी जनुकं पाहिली. फ्लोरिडा हे द्वीपकल्प, पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला मेक्सिकोचं आखात. दोन विरुद्ध किनाऱ्यांवरच्या, पण सारख्या चुंबकीय आकड्यांच्या पुळणींवरची कासवं जनुकांनी एकमेकांना जवळची निघाली. एकाच किनाऱ्यावर शेजारी असून आकडा वेगळा असेल, तर तितकी जवळची नव्हती. म्हणजे कधीतरी काही माद्या ‘योग्य आकडा, चुकीचा किनारा’ अशा प्रकारे पलीकडे गेल्या असणार.

भारतही द्वीपकल्पच आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या झुकावाच्या रेषा कोकणात समुद्रावर येतात आणि पलीकडे आंध्र-ओडिशाच्या बाजूला पुन्हा समुद्रात उतरतात. ०३२३३ची बातमी वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं. मग नकाशा काढून बसलो. ओडिशातली सामूहिक विणीची पुळण गहिरमाथा साडेवीस अक्षांशाच्या वर आहे आणि गुहागर साडेसतराला. तीन अक्षांशांचा फरक, म्हणजे गहिरमाथ्याला सुई गुहागरपेक्षा पाच-सहा अंश तरी जास्त झुकते. एवढी गफलत चुंबकीय आकड्याने होणार नाही. तेव्हा ‘आकडा जुळला म्हणून ती इकडे आली’ असं सोपं उत्तर या मादीला लागू पडत नाही. ओडिशात तिला पट्टी लागली याचा अर्थ ती तिथे जन्मली असाही नाही. कदाचित ती कोकणातलीच लेक असेल आणि २०२१ मध्ये ओडिशाला गेली ती सामूहिक विणीच्या गर्दीत ओढली जाऊन. एका पट्टीवरून याहून पुढे जाऊ नये.

बागेश्रीच्या वाटेतली एक अडचण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा भाग थोडा अवघड आहे. कासवांचं होकायंत्र आपल्यासारखं नसतं. आपल्या सुईला उत्तर टोक आणि दक्षिण टोक वेगळं कळतं. कासवांना, पक्ष्यांप्रमाणेच, टोक कळत नाही. रेषा कुठल्या बाजूला जमिनीकडे उतरते एवढंच कळतं. उतार ज्या बाजूला, ती ध्रुवाची बाजू. उत्तर गोलार्धात हे झकास चालतं. पण श्रीलंकेला वळसा घालताना कासव चुंबकीय विषुववृत्त ओलांडतं. तिथे रेषा आडवी, उतारच नाही, म्हणजे ध्रुवाची बाजू कुठली ते सांगणारं काही उरत नाही. आणि त्याच्या दक्षिणेला गेलं की उतार उलट होतो: तेच होकायंत्र, तोच नियम, आणि ‘ध्रुवाकडे’ म्हणजे आता दक्षिणेकडे. ज्याला उत्तरेला बंगालच्या उपसागरात शिरायचंय त्याला ही फिरवाफिरव पोटात घेऊनच पुढे जावं लागतं. लाटांची दिशा, सूर्य, प्रवाह, पाण्याचा वास यांचा आधार तिथे लागतच असणार. दक्षिण भारताच्या टोकाशी राहणाऱ्या आपल्या कासवांवर हा प्रयोग व्हायला हवा असं मला फार वाटतं. फ्लोरिडात ही अडचण नाहीच.

होकायंत्र आणि नकाशा या दोन वेगळ्या इंद्रियशक्ती आहेत, हेही आता दिसतंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोमन यांच्याच प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला. छोट्या लॉगरहेडना एका ठिकाणच्या क्षेत्रात खाणं द्यायचं, दुसऱ्या ठिकाणच्या क्षेत्रात द्यायचं नाही. काही आठवड्यांनी खाण्याचं क्षेत्र लागलं की कासवं डोकं वर काढून, पर आपटत गोल गोल नाचू लागली, खाणं आलेलं नसतानाही. म्हणजे जागेचा आकडा ती शिकतात आणि लक्षात ठेवतात. मग कासवांवर रेडिओ लहरी सोडल्या. त्यांची दिशा बिघडली, जागेची ओळख बिघडली नाही.

इथे जाता जाता एक गोष्ट. पृथ्वीच्या चुंबकत्वाचं नाव घेऊन आपल्याकडे बरंच काही विकलं आणि सांगितलं जातं. उत्तरेला डोकं करून झोपलं की रक्तातलं लोह ओढलं जातं, चुंबकाचं कडं घातलं की रक्ताभिसरण सुधारतं. रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. एमआरआयच्या नळीत दीड टेस्लाचं क्षेत्र असतं, पृथ्वीच्या सुमारे ३५ हजार पट. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि उठून चहा पितो. कासवाला चुंबकत्व जाणवतं यावरून तुमच्या गादीचं तोंड कुठे असावं हे ठरत नाही. ‘कासवाच्या डोक्यात जीपीएस’ हेही तितकंच दिशाभूल करणारं. जीपीएस काही मीटरपर्यंत अचूक सांगतं. कासवाचं चुंबकीय ज्ञान ढोबळ आहे, आणि मादी वयात येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्यात जन्माचा आकडा स्वतःच किनाऱ्यावर काही किलोमीटर सरकलेला असतो. म्हणून तर ती प्रदेशात येते, अंगणात नाही.

यातून कोकणातल्या घरट्यांच्या संवर्धनासाठी निघणाऱ्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं आणि आज किनाऱ्यावर गावोगावचे कासवमित्र पहाटे चालत जाऊन रांगल्याच्या खुणा शोधतात, अंडी हॅचरीत, म्हणजे पुळणीवरच्या कुंपण घातलेल्या जागेत, नेऊन पुरतात. अंडी त्याच गावाच्या पुळणीवर पुरली जातात हे फार चांगलं आहे. सोयीसाठी ती लांबच्या किनाऱ्यावर नेण्याचा मोह कधी होऊ नये.

पिल्लाला पाण्यात उचलून ठेवू नये. एकदा आंजर्ल्याच्या पुळणीवर एका पिल्लाला अगदी जवळून बघत होतो. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं, अंगाला वाळू चिकटलेली. माणसाच्या पावलाच्या ठशात पडलं, डावा पर, उजवा पर, काठ ढासळला, परत खाली. शेजारच्या एकाने हात पुढे केला तेव्हा कासवमित्र त्याला म्हणाले, “दादा, राहू दे, येईल तो आपला आपण.” त्यांचं बरोबर होतं. वाळूवरून समुद्राच्या उजेडाकडे रांगताना आणि मग येणाऱ्या लाटांना छाती देत पोहताना पिल्लू आपली दिशा चुंबकीय होकायंत्रावर पक्की करून घेतं. लाटा जाणवेनाशा झाल्या की त्याच दिशेवर ते पुढे जातं. प्रयोगशाळेत हे दाखवलं गेलंय. त्याच कारणाने मागच्या हॉटेलांचे दिवे विणीच्या हंगामात विझलेले हवेत, आणि निघालेली पिल्लं पर्यटकांची वाट बघत घमेल्यात ताटकळत ठेवू नयेत. पहिल्या दिवसाची पोहण्याची ताकद त्यांना फक्त एकदाच मिळते.

आणि जाळी. कुत्री-कोल्ह्यांपासून घरटी वाचवायला अनेक देशांत लोखंडी जाळीचे पिंजरे वापरले जात. २००४ मध्ये लोमन आणि सहकाऱ्यांनी अशा पिंजऱ्यांच्या आत चुंबकीय क्षेत्र मोजलं तेव्हा ते वेडंवाकडं झालेलं निघालं, तेही नेमकं जिथे अंडी पन्नासएक दिवस पडून असतात तिथे. पिल्लू जन्मस्थानाचा आकडा घरट्यातच टिपत असेल तर तो आकडा आपण बिघडवतोय. तेव्हा हॅचरीला कुंपण बांबूचं किंवा लाकडी खांबांचं, जाळी नायलॉनची, आणि घरट्यावर ठेवायची टोपली वेताची किंवा प्लास्टिकची. गंजलेली लोखंडी जाळी फुकट मिळत असली तरी घेऊ नका.